गाऱ्हाण्यात नसलेला माणूस

मी मूळचा साताऱ्याकडचा, सासुरवाडी मालवणी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझं मालवणी दोन शब्दांच्या पुढे सरकलेलं नाही. ते दोन शब्द म्हणजे ‘व्हय म्हाराजा’. आणि तेही मी एकदा जिथे बोलायला नको होते, नेमके तिथेच बोललो.

जागा होती घाटकोपरला एका समुपदेशक बाईंची खोली. खाली मेडिकलचं दुकान, वर ही खोली. खुर्च्या चार आणि माणसं पाच, त्यामुळे मी औषधांच्या एका रिकाम्या खोक्यावर टेकलो होतो. खुर्च्यांवर माझे मेहुणे गजाभाऊ, त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी, माझी बायको वैशाली, म्हणजे गजाभाऊंची सख्खी धाकटी बहीण, आणि समोर त्या बाई, गायकवाड मॅडम. मला कशाला नेलं होतं ते मला आजही नीट ठाऊक नाही. ‘बरोबर एक पुरुषमाणूस असलेला बरा,’ असं वहिनी म्हणाल्या होत्या, आणि त्यांचे दोन्ही मुलगे कामावर असल्याने दुसरा कोणी मोकळा नव्हता.

मॅडमनी विचारलं, “गजाननराव, तुम्हाला काय हवंय?”

गजाभाऊ खाली लादीकडे बघत बसले. डोक्याला मार लागल्यापासून शब्द त्यांच्या हाताशी पटकन येत नसत. बऱ्याच वेळाने, जड भांडी एकेक करून फळीवर ठेवावीत तसे ते म्हणाले, “माझ्यापायी... घरातल्यांका... जो त्रास होता... तो कमी होवूंदे.”

आणि थांबले. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेलं ते सगळ्यात लांब वाक्य. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, “व्हय म्हाराजा.”

वैशालीने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं दिसत होतं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मॅडम मात्र पुढे सरकून म्हणाल्या, “थांबा, हे काय होतं?” त्या मूळच्या परभणीकडच्या, वाढलेल्या चेंबूरला. त्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं.

कोकणात शुभकार्याच्या आधी घरातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने देवाशी बोलतो. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. सुरुवात सोडली तर पाठ केलेलं फारसं नसतं. घरात काय चाललंय ते सांगायचं, काय हवंय ते मागायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गजाभाऊ हे त्यांच्या अख्ख्या इमारतीचे गाऱ्हाणं घालणारे. आणि मला त्यांच्या प्रत्येक थांबण्यावर ओरडायची सवय झालेली.

मी हे सगळं जमेल तसं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि गजाभाऊंना विचारलं, “आणि यात तुम्ही स्वतःसाठी काय मागता?”

कोणी विचारावं, ‘वाढपी पंगतीत कुठे बसतो,’ तसे गजाभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. “गाऱ्हाणां घालणारो आपल्यासाठी मागत नाय,” ते म्हणाले.

त्यांची इतकी गाऱ्हाणी ऐकली मी, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

अपघातापूर्वीचे गजाभाऊ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना ते कसे सांगावेत? अंगाने किरकोळ, पण आवाज राक्षसाचा. मरोळला औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते, आणि दिवसभर मशीनच्या वर आवाज चढवून तो असा तयार झाला होता की सहाव्या मजल्यावर त्यांनी गाऱ्हाणं घातलं तर खालून वॉचमनही ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. वॉचमन बिहारचा. इमारत नवी, जुनी चाळ पाडून बांधलेली. माणसं चाळीतलीच. कोणाचा फ्रीज आला, कोणाच्या मुलीला नोकरी लागली, की बोलवा गजाभाऊंना.

“बा देवा म्हाराजा,” ते सुरू करायचे, “दुसऱ्या माळ्यावरच्या शाबेनचो गुडघो धरता, तेका आराम पडूंदे.”

व्हय म्हाराजा.

“लिफ्ट उठल्या-बसल्या बंद पडता, तिका तू बुद्धी दी.”

व्हय म्हाराजा.

“माझी एकुलती एक भैण मुलुंडाक दिली, तिका सुखी ठेव. आमचे जावयबापू बिनकामाचे असले तरी मनान बरे हत. तेंचाही बरा कर.”

याला सगळ्यात मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा मी. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ‘बिनकामाचे’ हे काहीतरी कौतुक असावं अशी माझी समजूत होती.

पार्किंगवरून ज्याच्याशी सकाळी भांडण झालं तोसुद्धा संध्याकाळच्या गाऱ्हाण्यात असायचा. एकदा मी विचारलं, त्याला कशाला घेतलंत? तर म्हणाले, “जावयबापू, गाऱ्हाण्यात कोणाक सोडूचा नाय. सुटलो तो रुसता.”

असा हा माणूस एका चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी बांधायला स्टुलावर चढला. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, काकड्या, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या बांधतात. ती बांधायचा मान गजाभाऊंचा. ते पडले, आणि डोकं कडप्प्याच्या ओट्याच्या कडेवर आपटलं. मेंदूशेजारी साचलेलं रक्त ऑपरेशन करून काढावं लागलं. त्या वर्षी आमचा गणपती शेजाऱ्यांनी बसवला आणि शेजाऱ्यांनीच पोचवला. आम्ही सगळे हॉस्पिटलच्या जिन्यावर.

ऑपरेशन चांगलं झालं. टाके गेले, केस परत आले, पुढचा स्कॅन स्वच्छ आला. आम्ही पेढे वाटले. फक्त गजाभाऊ पलंगावरून उठेनात.

म्हणजे उठायचे. बसवलं की बसायचे, वाढलं की दोन घास खायचे, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मिक्सर लावला की कानावर उशी घ्यायचे. शब्द सापडला नाही की ताट ढकलायचे आणि मग त्याचीच लाज वाटून दिवसभर गप्प. एकदा वहिनींनी त्यांना खिडकीपाशी बराच वेळ खाली बघत उभं असलेलं पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून खिडकीच्या ग्रिलला कुलूप लागलं आणि किल्ली वहिनींच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी. बाथरूमची आतली कडी काढली. त्यांनी एकट्याने खाली जायचं नाही. घरात कोणी ना कोणी त्यांच्याजवळ असलंच पाहिजे.

रविवारची पाळी माझी. मी आपला हसवायचा चंग बांधून जायचो. बदाम न्यायचो, कारण बदामाने मेंदू सुधारतो असं मला कोणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. ‘पॉझिटिव्ह राहायचं, गजाभाऊ,’ असं सांगायचो. ते माझ्याकडे, दुकान बंद झाल्यावर शटर वाजवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघायचे. एका रविवारी मी ग्रिलपाशी उभा राहून समोरच्या इमारतीचे ग्रिल मोजत होतो, इतके माझे विषय संपले होते. मागून आवाज आला.

“जावयबापू.”

“बोला ना, भाऊ.”

“न्हाणीघराची कडी काढल्यानी.”

“हो... म्हणजे काळजीपोटी...”

“माका सगळे बघतत. राष्ट्रपतीक पण येवढो पहारो नसात.” मग बराच वेळ गेला. “बघतत सगळे. बोलत कोण नाय.”

मी हसलो, कारण राष्ट्रपतींचा उल्लेख आला म्हणजे विनोद असणार असं मला वाटलं. आणि बदाम पुढे केले.

डॉक्टरांनीच मग सांगितलं की डोक्याला असा मार बसल्यावर पुष्कळांचं मन असं खचतं. गोळ्या देतो, पण गोळ्यांबरोबर काउन्सेलिंग पाहिजे. घरात सभा भरली. गावच्या चुलत्यांचा फोन आला, की ह्यां डॉक्टराचा काम नाय, देवाचा कायतरी रवलां, म्हणजे एखादा नवस फेडायचा राहून गेला असणार. एका मामींचं मत, की आराम मिळतोय म्हणून पडून आहे. वैशाली म्हणाली, “मामी, मग तुम्ही पण पडा की चार महिने, बघा किती आराम मिळतो ते.” तिथे सभा संपली.

तरी काउन्सेलिंग म्हणजे वेड्यांचं, ही धास्ती होतीच. वहिनींनी इमारतीत ‘फिजिओथेरपीला जातो’ असं सांगून ठेवलं. झालं काय, की शाबेन गुडघा धरत चार मजले चढून आल्या. लिफ्ट अर्थातच बंद होती. “सुनंदाबेन, गजाभाईंच्या फिजिओवाल्याचा पत्ता द्या ना. मला पण जायचंय.” वहिनींनी पत्ता चुकीचा सांगितला, आणि त्या बिचाऱ्या खरंच तिथे जाऊन आल्या.

गायकवाड मॅडम वयाने आमच्या भाचीएवढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी गजाभाऊंना सरळ विचारलं, “मरावंसं वाटतं का?” आम्ही तिघं गारठलो. हा शब्द घरात आम्ही इतके दिवस पायाखाली दाबून ठेवला होता.

गजाभाऊंना मात्र उत्तर तयार सापडलं. “मरूक नको. पण उठूक पण नको.”

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या, एखादी वस्तू कुठे ठेवलीय ते कळावं तशा. मग आमच्याकडे वळल्या. “जखम भरली, मन अजून मागे आहे. हा आळस नाही, कोणाचा कोप नाही. याला इलाज आहे, पण वेळ लागेल. खिडकीची किल्ली सध्या राहू द्या. त्यांना अधूनमधून येणारी चक्कर थांबली आणि मी सांगितलं की कडी परत बसवा. आणि एक काम लगेच करा. त्यांचं वाक्य कोणी पूर्ण करायचं नाही. शब्द सापडेपर्यंत थांबायचं. वाक्य संपलं की नाही ते त्यांना ठरवू द्या.” मग माझ्याकडे बघून, “ते होय महाराजासुद्धा.”

हे दिसतं तितकं सोपं नाही. तुम्ही करून बघा. समोर माणूस ‘ते... ते...’ करतोय, टेबलावर चमचा दिसतोय, तुम्हाला कळतंय की त्याला चमचा हवाय, आणि तुम्ही गप्प बसायचं. सुनंदावहिनी तेवढ्या वेळात पदर चावायच्या. मी सगळ्यात नालायक विद्यार्थी. माझी जीभ आधी पळायची, वैशालीचा चिमटा मागून यायचा.

गजाभाऊ दर आठवड्याला मॅडमकडे जात राहिले. काही आठवडे चांगले जायचे. मग एक असा यायचा की ते दारापर्यंत येऊन परत फिरायचे, चप्पल पायात तशीच. मॅडमनी त्यांना रोज एक काम दिलं होतं: सकाळी खाली जाऊन दुधाची पिशवी आणायची, एकट्याने. वहिनींनी वर थांबायचं. पहिल्या दिवशी वहिनी वरच थांबल्या, पण शाबेनना फोन करून दुसऱ्या मजल्यावर, वॉचमनला सांगून गेटवर, आणि मला मुलुंडहून बोलावून दूधवाल्याच्या मागे उभं केलं होतं. गजाभाऊंनी पिशवी घेतली, मला पाहिलं, आणि म्हणाले, “मुलुंडाक दूध गावत नाय काय?”

पावसाळा लागला, आणि गणपती जवळ यायला लागले तसे ते पुन्हा बुडाले. दूध बंद. जेवण बंद. कोणी गणपतीचं नाव काढलं की उठून आत. मॅडमनी आम्हाला परत एकदा बरोबर बोलावलं.

“गजाननराव, तुम्ही मला जे सांगितलंत ते यांना सांगायचं का?” त्यांनी विचारलं. गजाभाऊंनी मान हलवली. आम्ही थांबलो. रस्त्यावरचे हॉर्न खिडकीतून येत होते आणि ते प्रत्येक हॉर्नला डोळे मिटत होते.

“दरवर्षी सगळ्यांसाठी मागतंय,” ते म्हणाले. “त्या वर्षी... स्टुलार चढताना मनात इला... औंदा माझ्यासाठी मागूया. कारखानो भिवंडीक जातलो असा बोलत होते. रोज तितक्या लांब... माका झेपूचा नाय. म्हटलां, देवा, माका जरा आराम दी. मनातच. तोंडान नाय.”

वहिनींचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला.

“आणि पडलंय. आराम मागितलंय, खाट दिल्यान.”

म्हणजे जवळजवळ वर्षभर हा माणूस, आम्ही बाहेरून कड्या काढत आणि कुलपं लावत असताना, आत हे घेऊन पडला होता. आपण स्वतःसाठी मागितलं म्हणून देवाने पाडलं. आता बरं व्हायचं तर देवाकडे पुन्हा स्वतःसाठीच मागावं लागणार, आणि तेच करायची भीती. त्यातून बाहेर यायला दारच नव्हतं.

सुनंदावहिनींना राहवलं नाही. “देव कशाला पाडील हो? त्या स्टुलाचा एक पाय आखूड. खाली तुम्ही पुठ्ठा लावलेला. किती वेळा म्हटलं, टाकून द्या ते स्टूल.”

“पुठ्ठो चांगलो होतो,” गजाभाऊ ताडकन म्हणाले. “पाच थराचो.”

इतक्या महिन्यांत त्यांना कशाचा तरी राग आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग म्हणाल्या, “तुमच्या देवाचं मला काही सांगता येणार नाही. पण इतकी वर्षं तुम्ही त्याच्याशी बोलताय. स्टूल की तो, हे एकदा त्यालाच का नाही विचारत?”

गजाभाऊ उठले. जाताना जिन्यात एकदा थांबले फक्त.

गणपती आला. माटवी त्या वर्षी मी बांधली, नव्या शिडीवरून. गजाभाऊ खुर्चीत बसून बघत होते. “जावयबापू,” ते म्हणाले, “काकडी गणपतीच्या... डोळ्यासमोर इली.” मी ती सरकवली तर नारळ आला. शेवटी तसंच राहू दिलं. झांजा काढल्या नाहीत, त्यांना आवाज सोसत नसे. आरती आम्ही कुजबुजल्यासारखी केली. मग कोणी काही न बोलता सगळे बाजूला झालो, आणि जागा मोकळी राहिली.

गाऱ्हाणं मोठ्या मुलाने घालावं, असं वहिनींनी ठरवून ठेवलं होतं. तो पुढे होणार इतक्यात गजाभाऊ खुर्चीतून उठले. वैशालीने माझ्या मांडीवर हात आणून ठेवला, आगाऊ.

“बा देवा म्हाराजा,” ते म्हणाले. आवाज जुना नव्हता. घोगरा, खोलीपुरता.

व्हय म्हाराजा.

“आज तुझ्या पायाशी... आज तुझ्या...”

शब्द गेला. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. खोलीत वीसेक माणसं, सगळ्यांना पुढचा शब्द ठाऊक. लेकरां. पिढ्यान्‌पिढ्या तोच शब्द येतो तिथे. दारात शाबेन उभ्या होत्या, त्यांनासुद्धा ठाऊक. वहिनींचे ओठ हलले आणि त्यांनी दातांखाली धरले. माझ्या घशाशी तो शब्द गोळा होऊन बसला होता. गजाभाऊंच्या मानेवरून घाम उतरताना दिसत होता, आणि मला वाटलं, आता हे मागे फिरतील आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करतील, आणि मग कधीच उठणार नाहीत. पण कोणी बोललं नाही.

हात खाली आला.

“देवा, मी गजानन,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी मनात मागितलंय... आणि पडलंय. तू पाडलंस काय स्टुलान... तां तुझा तुका म्हायत. औंदा तोंडान मागतंय.” मोठा श्वास घेतला. “सकाळी उठाक बरा वाटूंदे. माका. येवढांच.”

हात जोडले. आम्ही गप्प. इतके गप्प, की समईची वात तडतडलेली ऐकू आली. वाक्य संपलं की नाही ते त्यांनी ठरवायचं होतं ना.

गजाभाऊ वळले आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

“मेल्यांनू, आता म्हणा की. आता गप कित्याक?”

आयुष्यात एकदाच मी ते दोन शब्द योग्य जागी, सगळ्यांच्या आधी म्हटले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर सुनंदावहिनी मला दारात उभं करणार नाहीत. गोळ्या बराच काळ चालल्या, मॅडमकडचं जाणंही. वाईट आठवडे येतच राहिले, फक्त त्यांच्यामधलं अंतर वाढत गेलं. बाथरूमची कडी परत बसली, तेव्हा गजाभाऊ आत जाऊन इतका वेळ गात बसले की वहिनींनी दार वाजवलं. किल्ली त्यांच्या गळ्यातून कधी निघाली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. कारखाना भिवंडीला गेला, गजाभाऊ गेले नाहीत. दूध मात्र रोज आणलं. मागच्या उन्हाळ्यात ते गेले, हृदयाने, दूध आणून चहा झाल्यावर. नातेवाइकांनी हळूच विचारलंच, ‘ते... तसं तर काही नव्हतं ना?’ नव्हतं. म्हणून दूध आणि चहा मी मुद्दाम सांगतो.

पण मला आठवते ती त्या गणपतीची दुपार. मोदक खाऊन आम्ही मुलुंडला निघालो होतो. रिक्षात वैशालीने आधी प्रसादाचा डबा मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, “तुझ्या लक्षात आलं का? गाऱ्हाण्यात त्याने कोणालाच घेतलं नाही. शाबेन नाही, लिफ्ट नाही, तू नाहीस. मी सख्खी बहीण, मी पण नाही.”

“अगं, विसरले असतील,” मी समजूत घातली. “डोक्याला एवढा मार...”

“विसरला नाही रे,” ती म्हणाली. ओढणीने डोळे पुसले आणि हसली. “सोडलं त्याने आपल्याला. बरा होतोय माझा भाऊ.”